दिवाणखान्यातला खांब

गेल्या श्रावणापासून आमच्या घरात एक खांब उभा आहे. घर म्हणजे वाडा नव्हे. इंदूरच्या एका चार मजली इमारतीतील दुसऱ्या मजल्यावरचा तीन खोल्यांचा फ्लॅट. छत पेलून धरण्यासाठी त्याला खांबाची मुळीच आवश्यकता नाही. किंबहुना हा खांब छताला पेलत नाही, छतच त्याला धरून ठेवते. ही गोष्ट वेळीच ध्यानात न घेतल्यामुळे आमच्याकडे जे घडले ते वाचकांच्या कानी घालावे, म्हणून या महिन्याचे सदर मी त्या खांबाला देत आहे. शुद्धलेखन आणि मुलांचे वाचन हे आपले नेहमीचे विषय पुढच्या महिन्यापासून पुनश्च सुरू होतील.

खांब नृत्याचा आहे. ‘पोल डान्स’ हा शब्द पुष्कळांनी ऐकलेला असतो आणि ऐकताक्षणी कपाळाला आठी घातलेली असते. मीही घातली. आमची धाकटी कन्या सत्तावीस वर्षांची. संगणकाच्या कंपनीत नोकरी करते. पुण्यास चार वर्षे होती. तेथे सायंकाळच्या वर्गात ती हे शिकली, आणि आम्हांस त्याचा पत्ता नव्हता. पुढे घरूनच काम करण्याची मुभा मिळाल्यावर ती इंदूरला परत आली. दोनतीन महिने गेले आणि एका रात्री जेवणे आटोपल्यावर ती म्हणाली, ‘‘बाबा, मला घरात एक खांब उभा करायचा आहे. भिंतीला खिळा लागणार नाही, फरशीला छिद्र पडणार नाही. हवा तेव्हा काढता येतो.’’

मी पुढे दोन दिवस काही बोललो नाही. शाळेत माझे मौन मोठे परिणामकारक ठरते. घरात त्याची किंमत सौ. जाणून आहे. तिसऱ्या दिवशी तीच म्हणाली, ‘‘अहो, पैसे तिचे, हातपाय तिचे. तुम्हांला नक्की अडचण कशाची आहे, ते तरी सांगा.’’ अडचण मला सांगता येईना. शब्दाची अडचण होती, आणि शब्दाची अडचण असे मराठीच्या एम.ए.ने म्हणणे बरे दिसत नाही. तेव्हा मी होकार दिला. मात्र अट घातली : खांब आतल्या खोलीत लावायचा, आणि पाहुणे यायचे असले की उतरवून ठेवायचा.

खोके आले ते सुमारे वीस किलो वजनाचे. दोघांनी ते जिन्यावरून वर नेत असता समोरच्या काकू दारात उभ्या होत्या. ‘‘काय मागवलंत, सर?’’ माझ्या तोंडून उत्तर गेले, ‘‘मल्लखांब.’’ काकूंचा चेहरा उजळला. आमच्या मध्यप्रदेशात २०१३ साली मल्लखांबाला राज्याच्या खेळाचा मान मिळाला, तेव्हापासून हा शब्द येथे मोठ्या अभिमानाने उच्चारला जातो. दार लावून घेतल्यावर कन्येने खोके खाली ठेवले आणि शांतपणे म्हणाली, ‘‘बाबा, मल्लखांब लाकडाचा असतो, तो जमिनीत पुरतात, त्याला एरंडेल चोळतात. यातलं काही इथे आहे का? आणि मल्लखांब करणाऱ्यांनी तुमचं काय वाईट केलंय, की त्यांचं नाव तुम्ही पांघरुणासारखं वापरावं?’’

यावर मी काहीतरी पुटपुटलो. परंतु प्रश्न मनात राहिला, आणि रात्री अंथरुणावर पडल्यावर मी दोन्ही खांब मनाशी शेजारी शेजारी उभे करून पाहिले.

मल्लखांब मी अगदी जवळून पाहिला आहे. उज्जैन येथून पंचावन्न किलोमीटरवर. मल्लखांबाची पहिली राष्ट्रीय स्पर्धा १९८१ साली तेथेच झाली. बाराव्या शतकात चालुक्य राजा सोमेश्वर याने रचलेल्या ‘मानसोल्लास’ ग्रंथात मल्लस्तंभ आहे. पुढे दुसऱ्या बाजीरावाच्या काळी बाळंभट दादा देवधरांनी या विद्येला नवे आयुष्य दिले. पुरलेला खांब सागाचा किंवा शिसवीचा, खाली जाड, वर निमुळता होत जाणारा. त्याला अंग, मान आणि माथ्याचे बोंड. अढी, बगली, दसरंग, फिरकी, सुईदोरा, वेल ही उड्यांची नावे नुसती उच्चारली तरी आपल्या भाषेच्या श्रीमंतीने मन भरून येते. २०१९ च्या फेब्रुवारीत मुंबईच्या शिवाजी पार्कवर मल्लखांबाची पहिली जागतिक स्पर्धा झाली, तेव्हा परदेशांतली मुले तीच मराठी नावे घेत होती.

पोल डान्सचा खांब याच्या मानाने कालचा. पोलादाचा, गुळगुळीत, वरपासून खालपर्यंत एकाच जाडीचा. पंचेचाळीस मिलिमीटर व्यासाचा, म्हणजे मुठीत येईल इतका. चीनमधील कसरतपटूंचे उंच खांब, अमेरिकेतील फिरते खेळ यांच्याशी त्याचे नाते जोडतात. परंतु आज ज्याला पोल डान्स म्हणतात तो गेल्या शतकाच्या उत्तरार्धात उत्तर अमेरिकेतील रात्रीच्या क्लबांतून वाढला, आणि तेथे तो गिऱ्हाइकांच्या नजरेसाठी होता. १९९० नंतर तेथल्याच काही नर्तकींनी तो सामान्य स्त्रियांना व्यायाम म्हणून शिकवायला आरंभ केला. २००९ साली त्याचा आंतरराष्ट्रीय क्रीडासंघ स्थापन झाला, २०१२ साली लंडनला जागतिक स्पर्धा झाली. स्पर्धेत दोन खांब असतात, एक स्थिर आणि एक स्वतःभोवती फिरणारा. हे सर्व मला कन्येने सांगितले आणि क्लबाचा भाग तिने गाळला नाही. ‘‘ज्यांनी हे शिकवलं त्या कुठून आल्या ते लपवायचं, म्हणजे त्यांचंच खायचं आणि त्यांनाच ओळख द्यायची नाही,’’ असे तिचे म्हणणे. मला ते पटले, असे त्या रात्री मी म्हणालो नसतो.

आता त्या आतल्या खोलीविषयी. बाहेरच्या खोलीला, म्हणजे ज्याला आम्ही जुन्या सवयीने दिवाणखाना म्हणतो तिला, मोठी खिडकी आहे आणि ती समोरच्या सज्जांकडे उघडते. आतली खोली चहूबाजूंनी बंद. शिवाय मला एक आधारही सापडला. अशा खांबांची नेहमीची लांबी सात-साडेसात फुटांपासून नऊ फुटांपर्यंत कमीजास्त करता येते. दिवाणखान्याची उंची भरली नऊ फूट आठ इंच. तेथे जोडतुकडा वेगळा मागवावा लागला असता. आतल्या खोलीचे छत आठ फूट नऊ इंचांवर, अगदी खांबाच्या मापाचे. ते इतके खाली कसे, हा प्रश्न कोणाही शहाण्या माणसाला पडला असता. पाच वर्षांपूर्वी मीच तेथे पीओपीचे फॉल्स सीलिंग करवून घेतले होते, दिवे झाकण्यासाठी.

कन्या म्हणाली, ‘‘बाबा, सूचनापत्रात लिहिलंय, खोट्या छताला लावू नये.’’ मी म्हणालो, ‘‘वर लोखंडी पट्ट्यांचा सांगाडा आहे. मी स्वतः उभा राहून बसवून घेतला आहे.’’ काठीने मी छत ठोकूनही दाखवले. ठोकल्यावर पोकळ आवाज आला, तो मला ऐकू आला नाही; म्हणजे ऐकू आला, पण तीस वर्षे वर्गासमोर उभे राहिलेल्या माणसाला आपले विधान मागे घेण्याची सवय राहिलेली नसते.

खांबाचे तुकडे एकात एक बसवले. वरच्या टोकाला ताटाएवढी तबकडी, खाली जड बैठक. बैठकीजवळ आतल्या बाजूस आटे असतात. पाना लावून फिरवले की खांब सावकाश लांब होत जातो आणि छत व जमीन यांच्यामध्ये घट्ट रुतून बसतो. आम्ही रुतवला. दिसायला भक्कम दिसत होता. मी म्हणालो, ‘‘चढ.’’ सुदैवाने तिच्या शिक्षिकेने लावलेली सवय माझ्या शब्दापेक्षा पक्की होती. चढण्यापूर्वी दोन्ही पाय जमिनीवर ठेवून खांब चारी बाजूंना जोराने ओढून पाहायचा. तिने एकदा ओढला, दुसऱ्यांदा ओढला, आणि वर कर्रकन आवाज झाला. तबकडी पीओपीत वीतभर घुसली, खांब तिरपा झाला, आणि तिने अंग बाजूला घेतले त्याच क्षणी तो पुस्तकांच्या कपाटावर आदळला. कपाटाची काच फुटली. ज्ञानकोशाच्या खंडांवर पांढरी पूड पसरली. सौ. स्वयंपाकघरातून धावत आली, तिने आधी मुलीला डोक्यापासून पायापर्यंत चाचपून पाहिले आणि मग माझ्याकडे पाहिले. ती काही बोलली नाही. बोलली असती तर बरे झाले असते.

ती आठ फुटांवर डोके खाली करून लटकलेली असती तर? हा विचार मी त्या रात्री किती वेळा केला ते लिहीत नाही.

दुसऱ्या दिवशी शाळेतून येताना सर्व नीट उमगले, आणि तेही आठवीच्या विज्ञानाच्या पुस्तकावरून. त्या वर्गावर मी त्या दिवशी बदली शिक्षक म्हणून गेलो होतो. खांबावर चढलेल्या माणसाचे वजन खांबातून सरळ खाली जमिनीत जाते, छतावर ते येतच नाही. म्हणून ‘छत वजन पेलेल का’ हा प्रश्नच चुकीचा. छताचे काम निराळे. अंगाला झोका देऊन माणूस खांबाभोवती फिरू लागला की खांब आडवा ओढला जातो. त्या ओढीला अडवते ते वरची तबकडी आणि छत यांमधले घर्षण; आणि घर्षण दाबावर अवलंबून असते. छत बोटभर जरी वर दबले तरी दाब गेला, दाब गेला की घर्षण गेले, आणि मग उरते ती केवळ उभी ठेवलेली काठी. मल्लखांबाला हे भय नाही, कारण त्याची पकड भूमीत आहे. या खांबाची पकड दोन पृष्ठांच्या मधल्या रेट्यात आहे. ती रोज नव्याने पारखावी लागते.

म्हणून ज्यांच्या घरी असा खांब येण्याचा संभव आहे त्यांच्यासाठी सांगतो. वर उघडी काँक्रीटची स्लॅब असेल तर उत्तम. गिलावा फुगलेला, ओल आलेली जागा मात्र टाळावी. फॉल्स सीलिंगखाली कदापि लावू नये, मग घरातल्या वडीलधाऱ्यांनी काहीही सांगितले तरी. आपल्यापैकी काहीजण अजून जुन्या वाड्यांत राहतात. तेथे कडीपाटाचे छत असते. दोन कड्यांमधल्या फळीला खांब लावला तर फळी उचलली जाईल. तबकडी बरोबर कडीखालीच यायला हवी, आणि कडी किडलेली नाही हे सुताराकडून आधी पाहून घ्यावे. खाली गालिचा किंवा सतरंजी नको, फरशी असावी.

जोडतुकडा यायला बारा दिवस लागले. तोवर आम्ही दिवाणखाना मोकळा केला. खांबाभोवती चारी बाजूंना पाच फूट मोकळी जागा हवी, कारण हात आणि पाय एकाच वेळी पसरतात. आमची खोली अकरा फूट रुंद. तेव्हा खांब रुंदीच्या मध्यावरच आला. लांबीच्या बाजूने खिडकीपासून साडेपाच फूट मोजले आणि खूण करण्यासाठी वर पाहिले, तो पंख्याचे पाते नेमके त्या जागेपाशी फिरत होते! परदेशी सूचनापत्रात पंख्याचे नाव नसते. त्यांच्या छताला बहुधा दिवाच असतो. पंखा उतरवून भिंतीवरचा लावला. ‘‘मे महिन्यात माणसांनी काय करायचं?’’ हा सौ.चा प्रश्न अद्याप अनुत्तरित आहे.

या खेपेस मी गवंड्याचा ओळंबा आणला. खांब सरळ उभा आहे की नाही हे डोळ्यांना कळत नाही. किंचित कललेला खांब फिरताना तबकडीला एका कडेने उचलू पाहतो. तबकडीपाशी दोरा धरून ओळंबा खाली सोडला, दोन बाजूंनी पाहिला, बैठक दोन वेळा सरकवली, तेव्हा कोठे मेळ बसला. मग पाना. येथेही अतिरेक चालत नाही. फार आवळले तर गिलाव्याला तडा जाईल, आणि आट्यांवर जी खूण असते तिच्यापलीकडे खांब वाढवायचा नसतो. पहिले काही दिवस तबकडीखालचे रबर दबत जाते आणि घट्टपणा कमी होतो, म्हणून दर वेळी चढण्यापूर्वी पारखायचे, लागेल तसे आवळायचे. खालच्या मजल्यावर निवृत्त दांपत्य राहते. त्यांच्या झोपेसाठी आणि हिच्या हाडांसाठी खाली जाड गादी.

माझी दुसरी अट, पाहुणे आले की खांब उतरवण्याची, कन्येने बिनबोभाट पाळायची ठरवली होती. आरंभी दोनदा तो उतरवलाही. परंतु प्रत्येक वेळी पुन्हा उभारताना ओळंबा, मोजमाप, पारख. आणि प्रत्येक उभारणी म्हणजे चुकीला नवी संधी. तिसऱ्यांदा पाहुणे यायचे होते तेव्हा तिने पाना काढला, तो मी तिच्या हातून घेतला आणि खणात ठेवून दिला. गणपतीत मात्र मखरासाठी तो उतरवला होता, आणि विसर्जनानंतर दोन दिवसांनी पुन्हा चढवला.

कपड्यांविषयी लिहावे की नाही, असा मला संकोच होता. पण सर्वांच्या मनात तोच प्रश्न असतो. खांबावर जी पकड असते ती उघड्या कातडीची. कापड पोलादावरून घसरते. म्हणून मांड्या, पोट, दंड मोकळे ठेवावे लागतात. अंगठ्या काढाव्या लागतात, अंगाला तेल किंवा मलम लावता येत नाही आणि घामाचे हात वरचेवर पुसावे लागतात. आमच्या घरी न्हाताना तेल लावण्याची रीत आहे, ती आठवड्यातून दोनच दिवसांवर आली. मल्लखांबाचे गणित थोडे वेगळे, तेथे लाकडाला एरंडेल चोळतात. पण मल्लखांबावर चढणारा मुलगाही लंगोटावर असतो, आणि त्याच्या लंगोटाविषयी आजवर मी कोणाला अवाक्षर काढताना ऐकलेले नाही. आरंभीच्या आठवड्यांत तिच्या नडग्यांवर आणि मांड्यांवर काळेनिळे डाग पाहून सौ.च्या डोळ्यांत पाणी येई. ‘‘आई, कातडी शिकते,’’ असे कन्या म्हणे. कातडी खरोखरच शिकली.

ती काय करते हे मी दारातून पाहतो. नृत्य मला फारसे कळत नाही. परंतु एक पाय खांबाला अढी घालून, हात सोडून, पाठीची कमान करून ती जेव्हा क्षणभर स्थिर होते, तेव्हा संपूर्ण घर गप्प होते एवढे मला कळते. पहिल्यांदा पाहिले तेव्हा माझ्या तोंडून ‘‘अढी!’’ असे निघून गेले. ती उलटी लटकलेली असतानाच हसली आणि म्हणाली, ‘‘बाबा, याला आमच्याकडे वेगळं नाव आहे, पण तुमचं चालेल.’’

काकूंना मी सांगितलेले मात्र तसेच राहिले होते. नवरात्रात त्या हळदीकुंकवाला आल्या. खांब मधोमध उभा. ‘‘हाच का तो मल्लखांब? पण हा तर लोखंडी दिसतोय,’’ त्या म्हणाल्या. कन्या आत होती, सौ. माझ्याकडे पाहत होती. मी म्हणालो, ‘‘काकू, तेव्हा मी तुम्हांला चुकीचे सांगितले. हा मल्लखांब नव्हे. पोल डान्सचा खांब आहे. आमची धाकटी करते.’’

काकूंनी खांबाकडे पाहिले, छताकडे पाहिले. ओटी घेतली, दूध घेतले आणि त्या गेल्या. त्यानंतर त्या आमच्याकडे आलेल्या नाहीत, हेही येथे नमूद केले पाहिजे. जिन्यात भेटल्या की बोलतात, पण थांबत नाहीत.

रविवारी सकाळी वर्तमानपत्र वाचून झाले की मी पाना आणि ओळंबा घेऊन दिवाणखान्यात जातो. कन्या खांब चारी बाजूंना ओढून पाहते, मी वर तबकडीकडे पाहतो. गेल्या रविवारी अर्धा आटा आवळावा लागला.